दोन हाकांची पेटी

१

पेटी बोलली होती का?

एवढं एकच मी विचारत होतो. पोलीस चौकीत विचारलं. डोंगरावर सगळ्यात आधी पोचलेल्या ठाकरांच्या पोरांना विचारलं, पण ती पोचली तेव्हा तिथे नुसता धूर आणि ढग. कंपनीचे साहेब आमच्या डोंबिवलीच्या घरी आले तेव्हा त्यांनाही विचारलं.

माझा भाऊ विश्राम विमानातल्या पेट्या दुरुस्त करायचा. विमान जमिनीच्या फार जवळ जायला लागलं की पायलटला ओरडून सांगणारी एक पेटी असते, ती. भादव्यात, गणपती गेल्यावर, दुरुस्त केलेलं एक लहान विमान तपासायला वर नेलं. दोन पायलट आणि मागच्या खुर्चीत विश्राम. मलंगगडाच्या अलीकडे ढगात ते डोंगराला लागलं. शीळफाट्यावरच्या चहावाल्याने आवाज ऐकलेला. त्याला वाटलं खाणीत सुरुंग उडाला.

साहेब खुर्चीच्या कडेवर बसले. बरोबर एक कापडी पिशवी आणलेली, त्यात विश्रामचा डबा आणि कामावर घालायचे बूट.

"तू काय करतोस?" त्यांनी मला विचारलं.

"रेती काढतो, बंदरावर. साहेब, पेटी बोलली होती का?"

"चौकशी चालू आहे."

"चालू दे. पण बोलली का नाय, ते तर तुम्हाला ठाव असेल."

"ते टेक्निकल असतं. तुला कळणार नाही."

"मग मला कळेल असं सांगा."

त्यांनी पाणी मागितलं. शीलावहिनीने दिलं. तेवढ्यात आई म्हणाली, "सायेब, मना त्याचं तोंड का नाय दावलंत?"

साहेब पाणी पीतच राहिले. तांब्या रिकामा झाला तरी तोंडाला लावून होते.

त्यांच्याबरोबर आलेला माणूस जिन्यात मला म्हणाला, "जाऊ दे रे. वर्कशॉपमध्ये म्हणतात ती गप्प बसली. तुझ्याच भावाने पास केलेली." मी त्याची कॉलर धरली. खालच्या मजल्यावरच्या मारुतीकाकांनी मला ओढून वर आणलं, नाहीतर तो जिन्यावरून खाली गेला असता.

आमची ती बिल्डिंग आता नाही. तिथे पत्रे लावलेत आणि आत रानटी एरंड वाढलाय. कशी गेली ते पेपरात आलं होतं. भराव कच्चा होता, रेती खारी होती. दोन्ही खरं. पण मी काय ऐकलं ते पेपरात नाही, म्हणून सांगतो.

२

आम्ही ठाण्याचे, चेंदणी कोळीवाड्यातले. बाप मी लहान असताना खाडीतच गेला. विश्राम शिकला, आयटीआय केलं, विमानतळावर लागला. मी पाचवीत शाळेतून निघालो. मास्तरांची नक्कल करत होतो आणि मास्तर मागे उभे होते. मला सगळ्यांचे आवाज येतात. माझं नावच पोपट. आईने ते पाळण्यातच ठेवलं, आणि मी ते खरं केलं, असं विश्राम म्हणायचा.

त्या पेटीलाही तो पोपटच म्हणायचा. "तुझ्या नावाची पेटी हाय आमच्याकडं. पढवलेलं तेवढंच बोलते. अर्थ तिला नाय, तसा तुला पण नाय."

"काय बोलते?"

मग तो जेवताना बोलून दाखवायचा. नाकात, इंग्रजी बाईसारखा नाहीतर बाप्यासारखा. "सिंक रेट." म्हणजे फार झपाट्याने खाली चाललायस. "टेरेन, टेरेन." म्हणजे जमीन. आणि शेवटचं, "पुल अप, पुल अप." वर ओढ, वर ओढ. त्याच्या आधी भोंग्यासारखं हूप हूप.

आईला टेरेन म्हणजे ट्रेन वाटायचं. "इमानाला आगगाडीचं काय काम?" ती विचारायची. वहिनी हसून हसून घास गिळायची विसरायची.

"तिला कसं कळतं जमीन आली?" मी एकदा विचारलं.

"आजा काठी टाकून तळ बघायचा ना? तसंच. इमानाच्या पोटाखालून लाट सोडते, ती जमिनीला लागून परत येते. लवकर परत आली की समजायचं तळ जवळ आला. पण पोपट्या, एक गोची हाय. ती पुढं बघत नाय. फक्त खाली बघते. डोंगर एकदम उभा असला तर खालची जमीन वर येईपर्यंत तिला काय पत्ता नाय."

"मग ती बोलली की लगेच वर ओढत असतील."

विश्राम हसला. "साहेब लोक पण कोळीच रे. खालून दुसरं इमान गेलं, टेकडी आली, की उगाच पण बोलते. मग म्हणतात, हिचं असंच हाय, थांबू जरा. दोन हाकांना कोण उठत नाय."

हे कोळ्यांना सांगावं लागत नाही, बाकीच्यांना सांगतो. खाडीवर कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. मेलेला माणूस दोनदाच हाक मारतो, तिसरी त्याला येत नाही. तिसरी आली की समजायचं जिवंत माणूस आहे, मग ओ द्यायची. लहानपणी मी पहिल्याच हाकेला ओ दिली म्हणून आईने मला वल्ह्याने मारलेलं.

म्हणून विश्राम कामावरून आला की जिन्याच्या तळाशी उभा राहून तीनदा हाक मारायचा. "आयेऽऽ. आयेऽऽ. आयेऽऽ गो." तिसरीत तो 'गो' लांबवायचा. तिसऱ्या मजल्यावरून आई ओरडायची, "ओ रे बाला!" मगच दार उघडायचं. सगळी बिल्डिंग हसायची. मारुतीकाका पोस्टातून रिटायर झालेले, पहिल्या मजल्यावर राहायचे. ते म्हणायचे, "विश्राम, अरे बेल बसव. आता फ्लॅटवाले झालात तुम्ही."

३

तो फ्लॅट विश्रामनेच घेतलेला. डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या बाजूला, जिथे आधी खाजण होतं, भरतीला पाण्याखाली जाणारी दलदल. आई तिथे कधी रमली नाही. हवेत घर, म्हणायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिवरं दिसायची आणि त्यांच्यापलीकडे पाणी, त्यावर तिचा दिवस जायचा.

दारावर आतल्या बाजूने एक लहानसा गोल स्पीकर लावलेला होता. विमानातलाच. फाटला म्हणून त्यांनी काढून टाकलेला, विश्रामने विचारून घरी आणला, कागद चिकटवून नीट केला आणि टेपरेकॉर्डरला जोडला. गाणी जरा खरखरीत यायची. तो गेल्यावर टेपरेकॉर्डर कोणी लावेना. वहिनीने तो गुंडाळून माळ्यावर ठेवला. स्पीकरची वायर दारावर मोकळी लोंबत राहिली. आई शनिवारी त्या वायरला लिंबू-मिरची बांधायची. दारावर आयतीच दोरी.

सर्वपित्रीला दुपारी मी बंदरावरून जेवायला आलेलो. आईने कावळ्याला पान ठेवलं होतं खिडकीत. कावळा येत नव्हता. वहिनी छोट्या मालूला थोपटत होती. मालू दोन वर्षांची, तिला बाप कुठे गेला ते अजून सांगितलं नव्हतं. मी भाताचा घास उचलला आणि दाराकडून आवाज आला.

"सिंक रेट."

हळू, नाकातला. शेजारी रेडिओ लागल्यासारखा.

मी वहिनीकडे बघितलं. तिचा हात मालूच्या पाठीवर थांबला होता.

"सिंक रेट."

बस. आणखी काही नाही. लिंबू-मिरची वाऱ्याने हलत होती. खरं तर वारा नव्हता.

"पोपटभावजी," वहिनी म्हणाली, "असलं करू नका. हात जोडते."

तिला वाटलं मीच नक्कल केली. माझ्या तोंडात घास होता. मी तोंड उघडून दाखवलं.

आई पानापाशी बसली होती. तिने वळूनही बघितलं नाही. फक्त बोट वर केलं, गप्प राहा म्हणून. कान देऊन बसलेली. बराच वेळ.

"तिसरी नाय आली," ती म्हणाली.

४

मी वेडा नाही. दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून स्पीकर उतरवला. मागे दोन तारा, त्यांची तोंडं उघडी, कशालाच जोडलेली नाहीत. आत लोहचुंबक आणि कागद. कागदावर विश्रामने खळीने चिकटवलेली पट्टी, तिच्यावर त्याच्या बोटाचा ठसा वाळलेला. तो बघून मला रडू आलं आणि मी स्पीकर परत लावून टाकला.

खालच्या मजल्यावर कोणाच्या टेपचा आवाज भिंतीतून येत असेल, असं मी मनाशी ठरवलं. भिंती पातळच होत्या. भिंतींना मीठ फुटायचं, बोट लावलं की पांढरं पीठ गळायचं. रेती आमच्याच खाडीची, न धुतलेली. मीच ती टोपल्यांनी काढतो, मला तिचा वास ठाऊक.

नंतर पंधरा दिवस घर गप्प होतं. साधं घर. वहिनी शिवणाच्या क्लासला नाव घालून आली. आई बाजारातून बोंबील आणायची. मालूला मी सगळ्यांचे आवाज काढून दाखवायचो. एकदा तिने विचारलं, "बाबाचा काढ." वहिनी उठून मोरीत गेली. मी नाही काढला. त्याचा आवाज मला सगळ्यात चांगला येतो. म्हणूनच नाही काढला.

कोजागिरीला दुपारी मी घरात पालथा पडलेलो. पाय दुखत होते. भरती चढत होती म्हणून होड्या बंदराला लागलेल्या. पुनवेला आणि अवसेला भर दुपारीच उधाण येतं.

"टेरेन, टेरेन."

मी उठून बसलो. या वेळी तो शेजारचा रेडिओ नव्हता. स्पीकरचा कागद थरथरत होता, मी डोळ्यांनी बघितलं. चिकटवलेली पट्टी माशीच्या पंखासारखी वाजत होती.

आई स्वयंपाकघरातून आली, हात ओले. दाराखाली येऊन उभी राहिली, मान वर करून. पोराला झाडावरून उतर म्हणावं तसा चेहरा.

"आये, मागं हो."

"गप."

"आये, तो दादा नाय. ती पेटीची बाई हाय. दादा इंग्रजी बोलेल काय तुझ्याशी?"

"पेटी त्याचीच ना?" ती म्हणाली. "मना त्याचं तोंड नाय दावलं, पोपट. फडकं बांधलेलं दावलं. त्यात कोन व्हतं मना काय ठाव? दोन हाका मेल्याच्या. तिसरी आली तर तो जित्ता हाय."

"नाय येणार तिसरी."

"तुला कशाला घाई?"

मग मी भरतीचा विचार केला. सर्वपित्री अवस, कोजागिरी पुनव. दोन्हीला उधाण. आणि विश्रामचं वाक्य आठवलं. ती पुढं बघत नाय. फक्त खाली बघते.

मी जमिनीकडे बघितलं. तिथे साधी फरशी होती, मोरीच्या बाजूला जरा ओली. मालूचा लाकडी भवरा कोपऱ्यात पडलेला. मी तो उचलून खोलीच्या मध्ये ठेवला. तो सावकाश वळला आणि खिडकीकडे, खाडीच्या बाजूला घरंगळत गेला. भिंतीला लागून थांबला.

५

मी मारुतीकाकांकडे गेलो. ते सोसायटीचं बघायचे.

"काका, बिल्डिंग खाली बसतेय."

"कोण म्हणतं?"

मी खरं सांगितलं. सांगायला नको होतं.

काका पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. हसले नाहीत, ते जास्त वाईट. "बस," म्हणाले. काकूंना चहा टाकायला सांगितला. "हे बघ पोपट, माझा धाकटा गेला तेव्हा मला सहा महिने त्याची सायकल वाजलेली ऐकू यायची. दारात जाऊन उभा राहायचो. ते कानांचं असतं. होतं कमी."

"भवरा पण कानांचाच का?"

"फरश्या कुठल्या बिल्डिंगीत सरळ असतात रे? बिल्डरला कळवतो दिवाळीनंतर. इंजिनियर पाठवेल."

"दिवाळीच्या अवसेला उधाण हाय."

"अरे, खाडी तिकडे, आपण इकडे. मध्ये रस्ता आहे, भराव आहे."

"भरावाखालून पाणी येतं काका. खाजणाला ठाव असतं ते कुणाचं हाय."

काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चहा पी," म्हणाले. चांगला माणूस.

मी घरी येऊन म्हटलं, चला, चेंदणीला आत्याकडे राहू, दिवाळी होईपर्यंत. वहिनी लगेच तयार झाली. तिने काही विचारलं नाही. ती आता दाराखालून जाताना डोक्यावर पदर घेऊन पळत जायची.

आई म्हणाली, "मी नाय येत."

"आये..."

"तो आला न् घराला टाळा बघितला तर? हितनं उठून कुठं शोधील मना?"

मी भांडलो. ताट फेकलं. स्पीकर उपटून खाडीत टाकतो म्हणालो आणि स्टूल घेतलं, तर आई दाराला पाठ लावून उभी राहिली. एवढीशी बाई, माझ्या खांद्याला लागते. तिने दोन्ही हात पसरले. मला लहानपणी मारायला धावायची तो चेहरा नव्हता. भीक मागणारीचा होता.

मी स्टूल खाली ठेवलं. वहिनी आईला सोडून जायला तयार होईना, मग राहिलो सगळेच.

६

लक्ष्मीपूजनाचा दिवस. आमच्याकडे दुखवटा म्हणून कंदील नव्हता, पण प्रत्येक गॅलरीत होता. दुपारी मी बंदरावरून येत होतो. समोरच्या पानाच्या गादीपाशी थांबलो आणि सहज वर बघितलं.

सगळे कंदील एकाच बाजूला, खाडीकडे कलले होते. वारा नव्हता. झिरमिळ्या हलत नव्हत्या. तरी सगळे कंदील एकाच कलाने भिंतीपासून दूर, शाळेत रांगेत वाकवलेल्या पोरांसारखे.

पानवाल्याला म्हटलं, "कंदील बघ, कसे वाकडे झालेत."

त्याने चुना लावता लावता बघितलं. "कंदील कसे वाकडे होतील? दोरीला असतात ते."

मग त्याचा हात थांबला. कंदील सरळच होते.

मी जिना चढलो तो कसा ते आठवत नाही. दार उघडंच. वहिनी मालूची वेणी घालत होती, आई स्वयंपाकघरात कोलिम, म्हणजे बारीक जवळा, निवडत होती.

"हूप, हूप," दारावरून आलं. तो आवाज मी आधी फक्त विश्रामच्या तोंडून ऐकलेला. मालू हसली, तिला तो खेळ वाटला.

मी आईला ओढायला आत धावलो, आणि खिडकी बघितली.

खिडकीत खाडी नव्हती. तिवरं नव्हती. खिडकीभर डोंगर होता. ओलं हिरवं गवत, त्यात सोनकीची पिवळी फुलं, एक काळा दगड, त्याच्यावरून गळणारं पाणी. फुलावरचा थेंब दिसावा इतकं जवळ. आणि ते थांबलेलं नव्हतं. येत होतं. आवाज काहीच नाही. मी हात पुढे केला तो अडवायला, की मिठीत घ्यायला, मला अजून कळलं नाही. माझ्या खांद्यामागे, अगदी कानाशी, कोणीतरी घाईने श्वास घेतला.

"पुल अप," स्पीकर म्हणाला. "पुल अप."

पापणी लवली असेल. खिडकीत तिवरं होती आणि पाणी रस्त्याला लागलं होतं. खिडकीची चौकट तिरकी झालेली, एका कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट, आणि फटीतून भिंतीचं पांढरं पीठ कोलिमाच्या ताटात गळत होतं. आई ते बघत नव्हती. ती दाराकडे कान लावून होती, तिसरीसाठी.

"वहिनी, मालूला घे आणि खाली पळ! चपला राहू दे!"

ती पळाली. मी शेजारच्या दारावर लाथा घातल्या. "बाहेर व्हा! बिल्डिंग जाते!" आतून कोणी म्हणालं, "प्यायलाय दुपारीच." सणाचा दिवस, कोण ऐकतो? खाली लहान पोरांनी मडकं भरून फटाके ठेवले होते रात्रीसाठी. मी त्यातली सगळ्यात लांब माळ उचलली आणि जिन्यातच लावली. मग दुसरी. मग सुतळी बॉम्ब. धुराने जिना भरला, काचा हादरल्या आणि सगळी बिल्डिंग शिव्या देत बाहेर आली, बायका, म्हातारे, पूजेचं ताट हातात घेतलेला एक जण. मारुतीकाका बनियनवर. "पोपट! हाड मोडीन तुझं!" मला मारायला सगळे रस्त्यावर जमले. काकांनी माझी मान धरली. मग त्यांची नजर वर गेली, कंदिलांकडे. त्यांनी मान सोडली आणि काकूंचा हात घट्ट धरला.

वहिनी मालूला घेऊन रस्त्यापलीकडे उभी होती. आई कुठेच नव्हती.

७

मी परत जिन्यात शिरलो. धूर होता, डोळ्यांतून पाणी. भिंतीतून सुपारी फोडल्यासारखा आवाज यायचा, मध्येच थांबायचा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचलो आणि वरून परत ऐकू आलं.

"पुल अप. पुल अप."

आई दाराखालीच, स्पीकरकडे कान लावून असणार, मला ठाऊक होतं. ओढायला गेलो तर ती चौकट धरून बसेल. ताट फेकलेलं तेव्हाही तिने तेच केलेलं. तिला ओढून नेता येत नाही. तिला हाक लागते.

मी वळणावरच थांबलो, भिंतीच्या आड. छाती भरून घेतली. इतके दिवस जो आवाज मी काढला नव्हता तो काढला.

"आयेऽऽ गो!"

वर काहीतरी खाली पडलं. ताट असेल.

"ओ!" आईचा आवाज. तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नाही, पुढेही ऐकणार नाही. "ओ रे बाला! आले, आले रे!"

तिची पावलं जिन्यावर आली. मी धुरात तिच्यापुढे उतरत राहिलो, तिला दिसणार नाही एवढं अंतर ठेवून. दुसऱ्या मजल्यावर परत हाक मारली. "ओ!" ती म्हणाली, "थांब रे, गुडघं दुखतात माझं." पोराशी बोलावं तसं. मी रडत होतो पण आवाज विश्रामचाच ठेवला.

पहिल्या मजल्याच्या वळणावर धूर छातीत गेला. मी खोकलो, वाकलो, तोंडावर दोन्ही हात दाबले. आवाज फुटेना. वर तिची पावलं थांबली.

"विश्राम?"

आणि हाक आली.

"आयेऽऽ."

मी तोंड उघडलं नव्हतं. माझे हात माझ्या तोंडावर होते. हाक वरूनही नव्हती आणि खालूनही नव्हती. माझ्या शेजारून आली, जिथे विश्राम दम घ्यायला टेकायचा त्या कठड्यापासून. ओल्या गवताचा वास आला.

"आयेऽऽ."

"ओ!" ती म्हणाली आणि माझ्या पुढून उतरून गेली. मी तिच्या मागे, तिच्या पदराला हात न लावता. आम्ही दोघं उजेडात आलो.

रस्त्यावर लोकांनी जागा करून दिली. आई मध्ये उभी राहून सगळ्यांकडे बघत होती. काकांकडे, पानवाल्याकडे, मालूकडे. मग वळून माझ्याकडे. माझ्या मागे कोणी नाही ते तिने बघितलं.

"कुठं हाय तो?"

मी जिन्याकडे बघितलं.

"आतच राहिला," ती म्हणाली. "आता दोनदा बोलावलं मना. आतनंच." आणि ती परत जिन्याकडे निघाली. काका तिला अडवायला धावले, तिने त्यांना ढकललं. मी तिला धरलं असतं तर धरता आलं असतं. पण मग ती आयुष्यभर त्या जिन्याकडे तोंड करून बसली असती.

मी रस्त्यापलीकडे वहिनीपाशी जाऊन उभा राहिलो. सगळ्यांच्या समोर, लख्ख उन्हात, तोंड लपवलं नाही.

"आयेऽऽ गो!"

ती थांबली. वळली. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, आवाज कुठून आला ते तिने नीट बघितलं. वहिनीने मालूचा चेहरा आपल्या खांद्यात दाबला. भिंतीत सुपाऱ्या फुटत होत्या, आता न थांबता.

आईने डोळे मिटले.

"ओ," ती म्हणाली, आणि डोळे मिटूनच माझ्याकडे चालत आली.